रस्ता अपघातात हातपाय जायबंदी झाल्यावर भरपाईचा दावा कसा करायचा

तासगावला तालुका विधी सेवा समितीत मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. मी वकील नाही. कोणता अर्ज कुठे द्यायचा, कोणती नक्कल काढायची, फुकट वकील कसा मिळतो, हे येणाऱ्या माणसाला समजावून सांगायचं, एवढं माझं काम. उसाची वाहतूक सुरू झाली की रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला मागून धडकलेली माणसं येतात. भल्या पहाटे टेम्पोत दाटीवाटीने बसून बागेत कामाला जाणाऱ्या बायका येतात. बहुतेकजण अपघातानंतर चार-पाच महिन्यांनी येतात. तोवर जवळचे पैसे संपलेले असतात आणि हातात फक्त औषधांच्या बिलांची पिशवी असते. पहिल्या काही आठवड्यांत जमा झालेले कागद आणि तुमच्या हातून नेमकं कोणतं काम गेलं याचा पुरावा, या दोनच गोष्टींवर दावा तरतो किंवा बुडतो. म्हणून त्याच दोन गोष्टींबद्दल सविस्तर लिहिते.

आधी कागद. त्यांची सुरुवात दवाखान्यात होते. जखमीला आणल्यावर डॉक्टर विचारतात, कसं लागलं? तेव्हा पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक सांगतात, घरात घसरून पडले. ते वाक्य केसपेपरवर जातं आणि पुढे विमा कंपनीचा वकील तेच वाक्य कोर्टात वाचून दाखवतो. खरं तेच सांगा: कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, कोणत्या वाहनाने धडक दिली. दवाखान्याने एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) अशी नोंद केली की नाही ते विचारा आणि तिचा नंबर लिहून घ्या. २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. योजनेतल्या रुग्णालयात अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, त्यामुळे भरती करतानाच तिची चौकशी करा.

कागदांची दुसरी जागा पोलीस ठाणं. फिर्याद लवकर द्या. जखमी शुद्धीवर नसेल तर घरचं कुणीही किंवा पाहणारा माणूस ती देऊ शकतो. उशीर झाला म्हणून दावा आपोआप जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच तसं सांगितलंय. पण उशीर का झाला हे फिर्यादीत लिहिलेलं असावं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. पुढे घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची कागदपत्रं, चालकाचा परवाना, विमा पॉलिसी आणि शेवटी दोषारोपपत्र, या सगळ्याच्या नकला लागतात. ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर ट्रॅक्टरचा नंबर आणि ट्रॉलीचा नंबर वेगवेगळे टिपा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, आणि विमा ट्रॅक्टरचा होता पण ट्रॉलीचा नव्हता हा वाद आमच्या भागात हमखास निघतो. शक्य असेल तर वाहन जागेवरून हलवण्याआधीच कुणाला तरी दोन्ही नंबरप्लेटचे फोटो काढायला सांगा. वाहनाला विमाच नसेल, तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय वाहन सोडू नये अशी मागणी वकिलामार्फत लगेच करा. एकदा वाहन सुटलं की मालकाकडून वसुली करणं फार अवघड जातं.

गावात मिटवून घेऊ म्हणत वाहनमालकाची माणसं दवाखान्यात येतात. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतात आणि स्टँप पेपरवर सही मागतात. त्या कागदावर लिहिलेलं असतं की चूक जखमीचीच होती आणि काही तक्रार नाही. मला या कागदाचा मनापासून राग आहे. कुणी माणुसकी म्हणून औषधपाण्याला पैसे देत असेल तर घ्या, पण सही करू नका. तसंच दवाखान्याच्या दारात भेटणारे दलाल. ते कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेतात आणि मिळणाऱ्या रकमेतले इतके टक्के आमचे म्हणतात. भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. तुमच्या दाव्यातला टक्का तुम्ही कुणालाही लागत नाही.

आता दावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही तो करता येतो. म्हणजे अपघात सोलापूरकडे झाला तरी तासगावच्या माणसाला सांगलीत दावा टाकता येतो. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याची मुदत अपघातानंतर सहा महिन्यांची आहे. या मुदतीला आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. मुदत उलटली असेल तरी वकिलाला भेटा, पण उलटलेली नसेल तर या आदेशाच्या भरवशावर थांबू नका. पोलिसांनी ९० दिवसांत न्यायाधिकरणाला सविस्तर अपघात अहवाल द्यायचा असतो आणि न्यायाधिकरण तोच दावा म्हणून चालवू शकतं. तरी स्वतःचा अर्ज टाकलेला बरा, कारण तुमचं काम, तुमची कमाई, तुमच्या घरची परिस्थिती अहवालात पोलीस किती लिहितील ते तुमच्या हातात नसतं.

धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर वाट वेगळी. हिट अँड रन योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. वाहन सापडलं पण चूक कुणाची ते सिद्ध करणं कठीण असेल, तर कलम १६४ खाली चूक न दाखवताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. कोणती वाट धरायची ते वकिलाबरोबर बसून ठरवा. जखमेने जन्माचं काम गेलं असेल तर बहुधा कलम १६६ चाच दावा फायद्याचा ठरतो.

का, ते एका उदाहरणाने सांगते. आमच्याकडे द्राक्षबागेत टोळीने काम करणाऱ्या एक मावशी आल्या. वय ३८. उजवं मनगट मोडलेलं, प्लेट बसवलेली. प्रमाणपत्रावर अपंगत्व २० टक्के. त्या म्हणाल्या, वीस टक्केच गेलंय म्हणतात, मग कशाला भांडायचं? मी त्यांना काम कसं करता ते दाखवायला सांगितलं. मांडवाखाली उभं राहून हात डोक्याच्या वर धरायचा, डाव्या हाताने घड धरायचा आणि उजव्या हातातल्या छोट्या कात्रीने एकेक मणी कापून विरळणी करायची. दिवसभर. फळछाटणीला तर कात्री आणखी जड. त्यांच्या मनगटाला कात्री दाबताच येत नव्हती. डॉक्टरांच्या हिशेबाने वीस टक्के गेलं असेल, पण त्यांची द्राक्षातली मजुरी जवळजवळ सगळीच गेली होती.

कायद्याला हा फरक मान्य आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला कारकून कामावर राहू शकतो, पण त्याच हाताविना सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच बसतो. पैशांत हा फरक केवढा होतो ते बघा. समजा महिन्याची कमाई १२,००० धरली, वर्षाची १,४४,०००. चाळिशीच्या आतल्या मजुराला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे २,०१,६००. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० वयाला गुणक १५, म्हणजे वर्षाची रक्कम १५ ने गुणायची. नुकसान २० टक्के धरलं तर ६,०४,८०० होतात, ६० टक्के धरलं तर १८,१४,४००. औषधोपचार, वेदना, मदतीला ठेवलेलं माणूस, पुढची शस्त्रक्रिया हे सगळं याशिवाय.

म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घाईने काढू नका, जखम पूर्ण भरू द्या. सिव्हिलमध्ये काढतानाच डॉक्टरांना सांगा की मी अमुक काम करते आणि अमुक हालचाल आता होत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून हे लेखी घ्या, शक्य असेल तर त्यांची साक्षही व्हायला हवी. कमाईचा पुरावा मजुराकडे नसतो म्हणतात, पण असतो. मुकादमाची हजेरीवही, बागायतदाराच्या डायरीतली उचल, बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड. मुकादम आणि बागायतदार साक्षीला आले तर फार जोर येतो. हातात काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेतं. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही किंमत आहे, ‘ती तर घरीच असते’ असं विमा कंपनीने म्हटलं म्हणून गप्प बसू नका.

बिलं तारखेप्रमाणे लावा, औषधाच्या चिठ्ठीला तिचं बिल जोडा. दवाखान्याच्या खेपांचं गाडीभाडंही लिहून ठेवा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले असतील तरी ते दाव्यात लपवू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये निकाल दिलाय की ते पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे या. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते.

एक गोष्ट मला फार छळते. दावा चालू असताना घर सावकाराच्या कर्जावर चाललेलं असतं. हप्ता थकतो, माणूस दारात येऊन बसतो आणि घाबरून लोक लोकअदालतीत मिळेल त्या रकमेला हो म्हणतात. लोकअदालतीतली तडजोड चांगली असू शकते, पैसे लवकर हातात येतात. पण तिच्यावर अपील नाही. आधी वरचा हिशेब मांडून घ्या, मगच आकडा बोला. आणि सावकाराकडे परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करा. बेकायदा सावकारीत गेल्या पंधरा वर्षांत लिहून घेतलेली जमीनसुद्धा चौकशीनंतर परत मिळू शकते.

निकाल लागला की रक्कम तुमच्याच बँक खात्यात जमा होते. खातं तुमच्या नावाचं ठेवा, सहीचे कोरे चेक कुणाला देऊ नका. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. ऑगस्ट २०२५ पासून सांगली जिल्ह्याची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात, त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.