गवत कापणारा रोबो बसवताना या चुका टाळा

रोबो नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी मशीनकडे बघतच नाही, आधी तार बघतो. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, नाहीतर चार्जिंग स्टेशनच्या जागेत. दोन्ही कामं पहिल्याच दिवशी घाईत उरकलेली असतात.

बाउंड्री वायर स्टेशनपासून निघते, लॉनला वळसा घालते आणि परत स्टेशनलाच येते. तिच्यातला सिग्नल ओळखून रोबो हद्दीच्या आत राहतो. ती एका जागी जरी तुटली तरी सगळंच ठप्प. एवढं माहीत असूनही तार कमी पडली की लोक दोन टोकं पिळतात, वर काळी चिकटपट्टी गुंडाळतात आणि माती लोटून मोकळे होतात.

एका परिचितांकडे असाच जोड होता. कोरड्या दिवसांत रोबो छान चालला. पाऊस सुरू झाला तसा तो मधूनच सिग्नल नाही म्हणून जागच्या जागी थांबू लागला, ऊन पडलं की पुन्हा सुरू. त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं, बॅटरीवर संशय घेतला, मशीन दुरुस्तीला पाठवलं. ते ठणठणीत म्हणून परत आलं. मी तारेची दोन्ही टोकं स्टेशनमधून सोडवून मल्टिमीटर, म्हणजे तारेचा विद्युत रोध ओहममध्ये मोजणारं उपकरण, लावला. चांगल्या तारेत थोडेच ओहम दिसतात आणि आकडा स्थिर राहतो, इथे तो सारखा नाचत होता. मग एक सुटी तार घेऊन अर्ध्या-अर्ध्या भागाची तपासणी केली, खराब अर्ध्याचं पुन्हा अर्धं केलं, असं करत वाफ्याच्या कडेला पोचलो. पट्टी सोलली तर आत हिरवी भुकटी. बोट लावताच तांब्याचे तंतू तुटून हातात आले.

जोड द्यायचाच असेल तर जेल भरलेला जलरोधक कनेक्टर वापरा. तारा पूर्ण आत सरकवा आणि पकडीने चाप शेवटपर्यंत दाबा. चिकटपट्टीचा जोड मला तात्पुरता म्हणूनही चालत नाही, कारण तो पुढे कोणी बदलत नाही. जोडाची जागा पुढे सापडावी म्हणून प्रत्येक जोडाशेजारी मोजपट्टी ठेवून मी फोटो काढतो. शिवाय पहिले काही आठवडे तार पुरत नाही, जमिनीलगत ताणून खुंट्यांनी पक्की करतो. रोबो कुठे अडतो ते कळल्यावर ती सरकवणं सोपं जातं. पहिल्याच दिवशी पुरायची घाई करणाऱ्यांना नंतर सगळी हद्द उकरावी लागते.

उरलेली तार गुंडाळी करून स्टेशनमागे ठेवू नका, सिग्नल बिघडतो. कापून टाका.

झाडाभोवती बेट करताना, म्हणजे हद्दीपासून तार झाडापर्यंत नेऊन त्याला वळसा घालून परत आणताना, जाणारी आणि परतणारी तार अगदी चिकटून ठेवा, पण एकमेकींवरून नेऊ नका. चिकटून असल्या की दोघींचे सिग्नल एकमेकांना रद्द करतात आणि रोबो त्यांच्यावरून सरळ जातो. मध्ये फट राहिली तर तिथेच हद्द समजून वळतो.

स्टेशन दिसायला नको म्हणून ते झुडपामागच्या कोपऱ्यात दडवणं ही दुसरी आवडती चूक. रोबोला सरळ रेषेत आत शिरायचं असतं. समोर दोन-तीन मीटर मोकळी, सपाट जागा द्या आणि शक्य तर सावली. छपराचं पाणी थेट वर पडेल अशी जागा टाळा.

बिनतारी, उपग्रहावर चालणारं मॉडेल घेतलं म्हणजे काम वाचलं असं समजू नका. त्याच्या अँटेनाला मोकळं आकाश लागतं. दाट झाडाखाली किंवा उंच भिंतीला खेटून ती लावली तर रोबो भरकटतो.

रोबो किती उतार चढतो याचा माहितीपत्रकातला आकडा नीट वाचा. 35 टक्के म्हणजे 35 अंश नव्हे. 35 टक्के उतार जेमतेम 19 अंशांचा असतो.

वाढलेल्या गवतात रोबो सोडू नका. तो रोज थोडंथोडं छाटण्यासाठी असतो. आधी साध्या यंत्राने गवत कापा, मग उंची सर्वांत वर ठेवून सुरुवात करा आणि हळूहळू खाली आणा.

पाती दाढीच्या ब्लेडसारखी पातळ असतात, लवकर बोथट होतात. गवताची टोकं फाटून पांढुरकी दिसू लागली की मी सगळी पाती स्क्रूसकट एकदमच बदलतो. मशीन मुख्य बटणाने बंद करून, जाड हातमोजे घालूनच उलटं करायचं.

आणि रात्री चालवू नका. अंधारात बाहेर पडणारे बेडूक आणि इतर छोटे जीव रोबोला वेळेत दिसतीलच असं नाही. मुलं किंवा कुत्रं लॉनवर असेल तर दिवसाही नको. वेळापत्रकात ते तास मी पहिल्याच दिवशी वगळून टाकतो.