लाल वाइन चाखताना आधी तुरटपणा ओळखावा

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातील थंड दगडी घरांत तयार झालेला आहे. मे महिन्यात जिथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो त्या इंदुरात तो शब्दशः पाळला, तर पेल्यातून फळाऐवजी मद्यार्काचाच वास येतो. लाल वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला चाखावी, त्यासाठी उन्हाळ्यात बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि ती फार गार झालीच, तर पेला दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ थांबावे. स्वयंपाकघरातील माळ्यावर मात्र बाटली कधीही साठवू नये.

निमुळत्या तोंडाच्या पेल्यात 50 मिलिलिटर वाइन पुरते, म्हणजे एका 750 मिलिलिटरच्या बाटलीत पंधरा जणांना चाखता येते. रंग पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून पाहावा: कोवळ्या वाइनची कड जांभळट दिसते, तर मुरलेल्या वाइनची विटकरी. मग पेला फिरवून वास घ्यावा. शिराझमध्ये काळ्या मिरीचा भास होतो तो निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे, कारण मिरीत असणारा रोटंडोन हा घटक या द्राक्षातही असतो. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बहुधा बुचामुळे वाइन बिघडलेली असते आणि अशा बाटलीवर वेळ घालवू नये.

खरी कसोटी घोट घेतल्यावर लागते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात रंगहीन असतो. रंग सालीतून उतरतो आणि साल व बिया यांतून टॅनिन हा तुरट घटकही उतरतो. हे टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरते, म्हणून जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. जांभळे खाल्ल्यावर जे होते, तेच हे. नवख्या माणसाला ही चव ‘कडू’ वाटते, पण ती तुरट असते, आणि हा भेद सांगणारा नेमका शब्द लहानपणापासून आपल्या तोंडी असताना आपण परदेशी फळांच्या नावांत का चाचपडावे, हे मला उमगलेले नाही. खात्री करायची असेल, तर दहा मिनिटे उकळलेला कोरा चहा शेजारी ठेवून एकाआड एक घोट घ्यावा. आंबटपणा याहून निराळा असतो: त्याने तोंडाला पाणी सुटते, तर तुरटपणाने तोंड सुकते.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक घालावेत, कारण किंमत कळली की जीभ तिच्या बाजूने बोलू लागते. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये नावे झाकून चाखताना फ्रेंच परीक्षकांनी फ्रान्सच्याच बोर्दो भागातील नामवंत वाइनपेक्षा कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप या वाइनरीच्या 1973 च्या कॅबर्नेला, म्हणजे कॅबर्ने जातीच्या काळ्या द्राक्षांच्या वाइनला, पहिले स्थान दिले होते.

शिफारस करताना आधी ‘जेवायला काय आहे?’ हे विचारावे. तिखटाने तुरटपणा आणि मद्यार्काचा दाह दोन्ही वाढतात, उलट मांसातील प्रथिने आणि मीठ टॅनिनला मवाळ करतात. म्हणून झणझणीत मटण रश्श्याबरोबर भरपूर टॅनिनची, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली वाइन सुचवणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तिथे कमी टॅनिनची, ओक न लागलेली साधी शिराझ थोडी अधिक गार करून द्यावी. बेताच्या मसाल्याच्या भाजलेल्या मटणाबरोबर नाशिकच्या सुला वाइनरीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्स परिसरातील ग्रोव्हरची, कॅबर्ने आणि शिराझ यांच्या मिश्रणाची ‘ला रिझर्व्ह’ सुचवावी. अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ सांजोवेसे या इटालियन द्राक्षाच्या आणि कॅबर्नेच्या मिश्रणाची असून, टोमॅटोच्या आंबटपणाशी तिचे चांगले जमते. दालबाफल्यावर कोणतीही लाल वाइन मी सुचवत नाही. तुपात बुडवलेल्या बाफल्यानंतर ताकच हवे.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चाखून कालच्या नोंदीशेजारी हवा लागून तुरटपणा किती उतरला ते लिहावे, कारण पुढच्या पाहुण्याला बाटली किती आधी उघडायला सांगायची, याचा अंदाज त्या नोंदीवरून येतो.