मुलांच्या शरीराची भाषा समजून घेताना या चुका टाळा

शाळा सुरू झाल्या की सोलापुरातल्या अनेक घरांत नेमकी रिक्षा दाराशी येण्याच्या वेळी मुलाचे पोट दुखू लागते. आई अंगाला हात लावून पाहते, ताप नसतो. आजी ओवा चावायला देते. आणि रिक्षा निघून गेल्यावर थोड्याच वेळात मूल खेळू लागले, की घरातली सगळी मोठी माणसे एकमताने ठरवतात, हे नाटक आहे. सर्वांत महागात पडणारी चूक हीच होय. भीती किंवा काळजी वाटली की शरीरात ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तपुरवठा स्नायूंकडे वळतो आणि पचनाचे काम मंदावते. त्यामुळे पोटात कालवते, मळमळते, कधी खरोखरच कळ येते. दुखणे खरे असते, केवळ त्याचे कारण पोटात नसते. ‘खोटं बोलतोस’ हे वारंवार ऐकावे लागलेले मूल हळूहळू अशा गोष्टी सांगणेच सोडून देते. ‘दुखतंय ना, कुठं दुखतंय ते हात ठेवून दाखव बरं,’ असे म्हणावे आणि मग आज शाळेत काय आहे, याची सहज चौकशी करावी. मात्र विश्वास ठेवणे म्हणजे घरी ठेवणे नव्हे. दुखणे मान्य करूनही मुलाला शाळेत पाठवता येते आणि बहुधा पाठवावेच. कारण प्रत्येक वेळी सुटका मिळाली, तर पुढच्या सकाळची भीती वाढते.

दुसरी चूक चांगल्या हेतूने होते. मूल काही सांगण्याआधीच आपण त्याच्या भावनेला नाव देऊन टाकतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर आकाशपाळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाकडे नीट पाहावे. तळहात घामेजलेले, छातीत धडधड, पाय एका जागी ठरत नाहीत. बाबा म्हणतात, ‘घाबरलास होय रे?’ आणि मूलही मान डोलावते. वास्तविक भीती आणि उत्सुकता या दोन्हींत छाती अशीच धडधडते. फरक कळतो तो पुढच्या प्रश्नाने. ‘छातीत धडधडतंय का? मग आता काय करावंसं वाटतंय, पाळण्यात बसावंसं की इथून निघून जावंसं?’ याचे उत्तर मुलालाच शोधू द्यावे. ‘दोन्ही’ असे उत्तर आले, तर तेही बरोबर आहे.

याच कारणाने कोणती भावना शरीरात कुठे जाणवते, याचे तक्ते पाढ्यांसारखे पाठ करून घेऊ नयेत. फिनलंडमधील संशोधकांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७०१ जणांनी कोणत्या भावनेत शरीराचा कोणता भाग जागा होतो, हे आकृतीत रंगवून दाखवले होते आणि त्यांत बरेच साम्य आढळले. तरीही ते सरासरी चित्र आहे. एखाद्या मुलाची रागाने कानशिले तापतात, दुसऱ्याच्या मुठी आवळल्या जातात, तिसऱ्याला आधी रडूच येते. कागदावर शरीराची बाह्यरेषा काढून द्यावी आणि रंग कुठे भरायचा, हे मुलावर सोपवावे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जात असेल, तर त्याला त्याच भाषेत सांगू द्यावे.

भर रागात मूल किंचाळत असताना ‘शरीरात कुठं काय होतंय ते सांग’ असे विचारू नये. त्या क्षणी ते उत्तर देऊच शकत नाही. शेजारी बसावे, पाणी द्यावे, आपण स्वतः सावकाश लांब श्वास सोडावा. विचारपूस संध्याकाळी करावी.

काही मुलांना, विशेषतः काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना, तहान, लघवी किंवा धडधड यांची जाणीवच उशिरा होते. त्यांच्यासाठी प्रश्नांपेक्षा खेळ उपयोगी पडतो. जिना धावत चढून यायचे, छातीवर हात ठेवायचा, मग शांत बसून ठोके कसे मंदावतात ते पाहायचे. भावनेचा विषय त्यानंतर काढावा.

आता उलट बाजूची चूक. प्रत्येक तक्रारीमागे भावनाच शोधायची सवय लागली, तर साधी कारणे नजरेतून सुटतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा चिडचिड, डोकेदुखी आणि गरगरणे यांचे कारण उन्हाचा त्रास किंवा पाण्याची कमतरता असू शकते. भूक, अपुरी झोप आणि बद्धकोष्ठता यांचीही आधी खातरजमा करावी. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, वारंवार उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल किंवा ताप असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास विलंब करू नये. तपासणीत काही निघाले नाही आणि तरीही मूल शाळा, खेळ, जेवण टाळतच राहिले, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तिथे मराठीतूनही बोलता येते.