मॅटलॅब सोडून ऑक्टेव्हकडे वळताना या चुका टाळा

मॅटलॅब हे इंजिनीअरिंगच्या आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर, आणि त्याचं लायसन्स बरेचदा कॉलेजच्या लॅबपुरतंच असतं. सुट्टीत गुहागर-देवगडला घरी आलं की पेन ड्राइव्हवरची क्रॅक कॉपी हातात पडते आणि ती चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. ग्नू ऑक्टेव्ह हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि अभ्यासक्रमातले बहुतेक प्रोग्रॅम त्यात थोड्याफार फरकाने चालतात.

सगळ्यात जास्त अडतं ते पॅकेजपाशी, म्हणजे जादा फंक्शनच्या संचापाशी. फिल्टरचा प्रोग्रॅम चालवला की 'बटर अनडिफाइन्ड' अशी एरर येते. 'बटर' हे फिल्टर बनवणारं फंक्शन सिग्नल पॅकेजमध्ये असतं आणि ऑक्टेव्ह पॅकेज आपणहून लोड करत नाही. मग 'पीकेजी इन्स्टॉल'ची खटपट सुरू होते. ऐन पावसात रेंज गेलेली, डाउनलोड अर्ध्यावर तुटतं. खरं तर विंडोजच्या इन्स्टॉलरसोबत हे पॅकेज आलेलंच असतं. 'पीकेजी लिस्ट' टाइप करून खात्री करा आणि 'पीकेजी लोड सिग्नल' द्या. नेट लागतच नाही. मात्र ऑक्टेव्ह बंद केलं की पुन्हा लोड करावं लागतं, म्हणून ही ओळ होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या 'ऑक्टेव्हआरसी' फाइलमध्ये टाका. नोटपॅड नावामागे गुपचूप 'टीएक्सटी' जोडतं, ते काढा. नाहीतर फाइल वाचलीच जात नाही. ही ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिली तर लॅबमधलं मॅटलॅब तिथेच एरर देईल.

दुसरी चूक सबमिशनच्या दिवशी कळते. नुसतं 'सेव्ह' केलं तर डेटा ऑक्टेव्हच्या स्वतःच्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये जातो, नावाला 'मॅट' लावलं तरी. मॅटलॅबला वाचता यावा म्हणून 'सेव्ह'पुढे 'वजा व्ही७' हा पर्याय द्या. कमेंटला टक्क्याचं चिन्ह आणि ब्लॉक संपवायला 'एंड' वापरा. हॅश आणि 'एंडइफ' मॅटलॅबला चालत नाहीत.

लाइटचा भरवसा नसेल तर लांबलचक लूपमध्ये दर शंभर फेऱ्यांनी निकाल सेव्ह करा. ऑक्टेव्हमध्ये लूप तसेही सावकाश चालतात. जमेल तिथे पूर्ण व्हेक्टरवर, म्हणजे आकड्यांच्या अख्ख्या यादीवर, एकदम गणित करा.

सिम्युलिंकचं, म्हणजे मॅटलॅबसोबतच्या ब्लॉक जोडून मॉडेल बनवायच्या साधनाचं, मॉडेल ऑक्टेव्हमध्ये चालणार नाही. त्यासाठी सायलॅब या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधलं एक्सकॉस हे तसंच साधन घ्या, पण मॉडेल नव्याने मांडावं लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सायलॅबचे पाठ आहेत. कॉलेजच्या वायफायवर ते उतरवून घ्या.