परदेशात राहून लेसरने चष्मा घालवायचाय? आधी पुढचे सहा महिने बघा

इथे करू की सुट्टीत घरी जाऊन करू, हा प्रश्न पडला की सगळे आधी किमतीच बघत बसतात. माझ्या मते आधी हे बघा की ऑपरेशननंतर सहा महिने तुम्ही कुठे असणार आहात. लेसरचं काम काही मिनिटांत होतं, पण नंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि पुढेही तपासण्या असतात, आणि डोळे कोरडे पडणं तर कित्येकांना काही महिने त्रास देतं. दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनचा फॉलोअप घ्यायला काही डॉक्टर सरळ नाही म्हणतात, म्हणून तिकीट काढायच्या आधीच विचारून ठेवा.

सुट्टीतच करायचं असेल तर लॅसिकमध्ये (कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा म्हणजे फ्लॅप उचलून त्याखाली लेसर मारतात) बहुतेकांना दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी दिसतं. पीआरके या लेसरच्या दुसऱ्या प्रकारात फ्लॅप नसतो, वरचा पातळ थर काढतात, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस चांगलंच दुखतं, नजर साफ व्हायला आठवडे जातात आणि स्टेरॉइडचे ड्रॉप्स चालू असतात, त्यांनी डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं म्हणून ते मोजत राहावं लागतं. थोडक्या सुट्टीत हे बसवणं अवघडच.

कॉन्टॅक्ट लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापं चुकतात. म्हणून तपासणीच्या आधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद, हार्ड असतील तर त्याहून जास्त, म्हणजे ही तयारी विमानात बसायच्या आधीच सुरू होते.

नंबर वर्षभर स्थिर हवा. प्रेग्नन्सीत किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर थांबा. कॉर्नियाची जाडी साधारण 540 मायक्रॉन असते, लॅसिकमध्ये फ्लॅपखाली निदान 250 तरी उरायला हवी, त्यामुळे मोठा नंबर आणि पातळ कॉर्निया असेल तर नाही म्हणणारा डॉक्टरच बरा. केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगत जाण्याचा आजार) आहे का हे टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत दिसतं, ती न करता तारीख देत असतील तर उठून या.

इन्शुरन्स बहुधा पैसे देत नाही. कोटेशनमध्ये फॉलोअप आणि पुन्हा लेसर करावं लागलं तर त्याचा खर्च धरलाय का ते लेखी घ्या. कन्सेंट फॉर्म समजेल अशा भाषेत मागा, नाहीतर दुभाष्या घ्या, लाजू नका. (चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणारच, तो या लेसरने जात नाही.)

आणि ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची मापं, सगळं पीडीएफमध्ये मागून घ्या. पुढे मोतीबिंदू झाला तर लेन्सची पॉवर काढताना ती उपयोगी पडतात, आणि तोवर तुम्ही तिसऱ्याच देशात असाल.