अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची झालीये? मग या चुका टाळा

इंदूरमधे मेडिकलच्या काउंटरवर 18 वर्षं झाली मला, आणि रोज सकाळी तेच ऐकते, "ताई, पॅन्टोप्राझोलचं एक पत्तं द्या." रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस, सकाळी पोहे-जलेबी, आणि मधे ही अ‍ॅसिड कमी करणारी गोळी. डॉक्टरांची चिठ्ठी कधीची, कोणालाच आठवत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. पोटातलं अ‍ॅसिड शत्रू नाहीये हो! त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 1.5 ते 3.5, आणि तेवढं आंबट असेल तरच पेप्सिन हे पोटातलं पाचक एन्झाइम जागं होतं, डाळीतलं-पनीरमधलं प्रोटीन तोडायला लागतं. दूध-दह्यातलं व्हिटॅमिन बी 12 प्रोटीनला चिकटलेलं असतं, ते सुटतं अ‍ॅसिडमुळेच. मेथी-पालकातलं लोह विरघळायलाही तेच लागतं.

माझी रामबागेतली मामी. गुडघ्याच्या पेनकिलरसोबत 14 दिवसांसाठी मिळालेली गोळी तिने 4 वर्षं खाल्ली. तळपायाला झिणझिण्या, जीभ लाल आणि एकदम गुळगुळीत, जिना चढली की धाप. मी म्हटलं, "मामी, रिपोर्ट करा," तर म्हणे वय झालं. हिमोग्लोबिन 8.6 निघालं, बी 12 तर पार तळाला. शुद्ध शाकाहारी, म्हणजे बी 12 आधीच बेताचं, त्यात हे. लिव्हरमधे बी 12 चा साठा वर्षानुवर्षं पुरतो म्हणून आधी काही कळतच नाही. इंजेक्शनं घेतली तरी झिणझिण्या जायला सहा महिने लागले.

आणि लोहाची गोळी ती घ्यायची कशी, तर चहाच्या घोटासोबत, वर लगेच कॅल्शियम! चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, कॅल्शियम त्याच्या आड येतं. आता मी तिला वेळा लिहून डब्याला चिकटवून दिल्यात: लोह सकाळी अकराला लिंबूपाण्यासोबत, चहा त्यानंतर दोन तासांनी, कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर. साधं कॅल्शियम कार्बोनेट रिकाम्या पोटी घेऊ नका, त्याला अ‍ॅसिड लागतं. अ‍ॅसिड कमी असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटचं विचारा.

अ‍ॅसिडिटीची गोळी जेवल्यावर घेऊ नका, अर्धा तास आधी घ्या. चावू किंवा कुटू तर अजिबात नका, वरचं कोटिंग तिला अ‍ॅसिडपासून वाचवायलाच असतं.

थायरॉइडच्या गोळीवर लगेच अँटासिड नको, चार तास जाऊ द्या.

हे वाचून उद्यापासून गोळी एकदम बंद करणारेही असतील, त्यांचा मला जास्त राग येतो. एकदम सोडली की अ‍ॅसिड उसळून येतं आणि माणूस म्हणतो बघा, मला तर जन्मभर लागणार. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. अल्सर असेल किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आपल्या मनाने हातच लावू नका.

आणि छातीत जळजळ होऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला तर सोडा पीत बसू नका, आधी ईसीजी काढा.