कॉलेजच्या रिकाम्या लॅबमधून ऑनलाइन शिकवणीसाठी छोटं ग्रिड कसं उभारावं

पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत संध्याकाळी संगणक लॅबला कुलूप लागतं. आत पंचवीस-तीस यंत्रं गप्प पडून असतात. त्याच इमारतीत स्टाफरूममध्ये कुणीतरी सर तासाभराच्या व्याख्यानाचा व्हिडिओ स्वतःच्या लॅपटॉपवर लहान करत बसलेले असतात. लॅपटॉपचा पंखा घरघरतोय, पट्टी पुढे सरकत नाही, आणि भोर-मुळशीकडची मुलं फोनवर तो व्हिडिओ कधी येतो याची वाट बघतायत. या दोन खोल्या एकमेकींना जोडायच्या, एवढंच आपल्याला करायचंय.

ग्रिड हा शब्द विजेच्या जाळ्यावरून उचललेला आहे. घरात बटण दाबताना ही वीज कोयनेची की चंद्रपूरची, असं आपण विचारत नाही. गणनशक्तीही तशीच मिळावी, ही कल्पना नव्वदच्या दशकात रुजली. पुण्याला तिचं फार अप्रूप वाटायचं कारण नाही. सी-डॅक ही महासंगणक बनवणारी सरकारी संस्था इथे १९८८ मध्ये सुरू झाली आणि तिचा १९९१ चा ‘परम ८०००’ हा महासंगणक एका बलाढ्य प्रोसेसरवर नव्हे, तर अनेक छोटे प्रोसेसर जोडूनच उभा राहिला. पुढे देशभरातल्या संस्थांची यंत्रं जोडणारं ‘गरुडा’ हे राष्ट्रीय ग्रिडही सी-डॅकनंच हाती घेतलं. आपण त्याच वाटेवरची अगदी लहान पायरी चढणार आहोत.

पायरी १ : कामाचे तुकडे पडतात का ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं ग्रिड लावलं की मूडलचं, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळाचं, पान पटकन उघडेल. नाही उघडणार. शंभर पोळ्या दहाजणींनी लाटल्या तर काम दहापट लवकर होतं, पण एकच पोळी दहाजणींच्या हातात दिली तर नुसता गोंधळ. लॉगिन, थेट चालणारा तास, परीक्षेच्या दिवशी एकाच मिनिटाला उघडणारी प्रश्नपत्रिका, ही सगळी ‘एकच पोळी’वाली कामं. त्यांच्यासाठी चांगला सर्व्हर आणि पुरेशी मेमरीच लागते.

ग्रिडला द्यायची कामं वेगळी. सत्रभरातले चाळीस व्हिडिओ लहान करणं. त्या व्हिडिओंमधल्या बोलण्याचं लेखी रूप काढणं. दीडशे मुलांनी दिलेले प्रोग्रॅम ठरावीक चाचण्यांवर चालवून तपासणं. भौतिकशास्त्राच्या किंवा संख्याशास्त्राच्या मुलांची सिम्युलेशन्स, ज्यांत तेच गणित हजार वेगवेगळ्या आकड्यांवर चालवायचं असतं. यांतल्या कुठल्याही तुकड्याला शेजारच्या तुकड्याची वाट बघावी लागत नाही, आणि सकाळपर्यंत झालं तरी चालतं.

सुरुवात व्हिडिओपासून करा, कारण फायदा लगेच मोजता येतो. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) रेकॉर्ड केलेला एक तास म्हणजे साधारण १.८ जीबी. तोच ५०० केबीपीएसवर आणला की सुमारे २२५ एमबी होतो. फळ्यावरची अक्षरं वाचता येतात, आवाज नीट येतो आणि मुलांचा दिवसाचा डेटा एकाच तासात संपत नाही.

पायरी २ : परवानगी, आणि शिपाईमामा

विभागप्रमुखांची परवानगी लेखी घ्या. कोणती यंत्रं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, विजेचं काय, हे एका पानात मावतं. विजेचा हिशोब असा: एक यंत्र ८० वॅट धरलं तर २५ यंत्रांचे २ किलोवॅट, आठ तासांचे १६ युनिट. त्याला कॉलेजच्या बिलावरचा दर लावा आणि तो आकडा अर्जातच लिहा. प्राचार्य तो विचारणारच.

यापेक्षा मोठी परवानगी खाली दाराशी असते. आमच्या पहिल्या रात्री आम्ही तिघांनी मोठ्या दिमाखात चाळीस कामं लावली आणि घरी गेलो. सकाळी एकही झालेलं नव्हतं. शिपाईमामांनी रोजच्या शिस्तीनं साडेआठला मजल्याचा मेन स्विच खाली केला होता. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून स्विचवर पाटी आहे, आणि ज्या रात्री काम लावायचं असेल तेव्हा मामांना तोंडानं सांगायचं, हा नियम आहे. गुरुवारचंही लक्षात ठेवा. दुरुस्तीसाठी पुण्यात वीज जाते ती बहुधा गुरुवारीच, म्हणून बुधवारी रात्री लांबलचक काम लावू नका.

पायरी ३ : यंत्रं आणि तारा

सगळी यंत्रं सारखी नसली तरी चालतात. प्रत्येकाची मेमरी, कोअर आणि मोकळी डिस्क एका कागदावर लिहून काढा. वाय-फाय विसरा, तारच हवी. तार कुठल्या नेटवर्क स्विचमध्ये (सगळ्या यंत्रांच्या तारा जोडणाऱ्या डब्यात) जाते तेही बघा, कारण लॅबचा जुना स्विच १०० एमबीपीएसचा निघतो. पंचवीस यंत्रांना प्रत्येकी १.८ जीबीची फाइल पाठवायची म्हणजे ४५ जीबी, आणि त्या स्विचवरून ती जायला कागदावरच्या हिशोबानं पूर्ण एक तास लागतो. गिगाबिट स्विचवर सहा मिनिटं. तेव्हा नवी यंत्रं मागण्याआधी तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारून स्विच बघून या.

जुन्या यंत्रांची एक खोड आहे. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, तो सीआर २०३२, मेलेला असतो. वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते. मग सुरक्षेची ओळखपत्रं जुळत नाहीत आणि यंत्र ग्रिडमध्ये येतच नाही. सेल बदला आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं नेटवर्कवरून एकसारखी करा. आम्ही या सेलपायी दोन संध्याकाळी घालवल्या आहेत.

पायरी ४ : एचटीकॉन्डॉर बसवा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात १९८८ मध्ये सुरू झालेली ही प्रणाली आहे. मोफत आहे, मुक्त आहे आणि रिकामी पडलेली यंत्रं वापरण्यासाठीच जन्मलेली आहे. लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालते. लॅबच्या यंत्रांवर दोन्ही बसवलेली असतील तर संध्याकाळी ती उबुंटूत (म्हणजे लिनक्समध्ये) चालू करून ठेवायचं काम कुणाचं, हे आधी ठरवा.

यात तीन भूमिका असतात. एक यंत्र मुख्य व्यवस्थापक: कोण रिकामं आहे आणि कुठलं काम थांबलंय यांची जोडी तो जुळवतो. एक यंत्र काम सोपवणारं. बाकीची सगळी काम करणारी. पहिली दोन पदं एकाच यंत्राला दिली तरी लहान लॅबला पुरतात. आधी तिन्ही भूमिका एकाच यंत्रावर बसवून बघा, तशी सोय त्यात आहे. ते चाललं की दुसरं यंत्र जोडा, मग पाच. एकदम पंचवीस नको. सगळ्यांना एकच गुप्तशब्द द्या, आणि फायरवॉलमध्ये ९६१८ क्रमांकाचा पोर्ट (एचटीकॉन्डॉरच्या संदेशांचं दार) फक्त लॅबच्या आतच उघडा.

दिवसाही ग्रिड चालू ठेवायचं असेल तर डेस्कटॉपसाठीचं धोरण निवडा. त्यानं कुणी विद्यार्थी कीबोर्डला हात लावताच काम बाजूला होतं. लिनक्सवर मात्र कीबोर्ड-माउसची हालचाल ओळखणारा त्याचा वेगळा भाग चालू करावा लागतो, नाहीतर माणूस समोर बसलाय हे त्याला कळतच नाही. आणि हटवलेलं काम सहसा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून दिवसा दहा-पंधरा मिनिटांत उरकणारेच तुकडे द्या, लांबचे रात्रीसाठी ठेवा.

पायरी ५ : पहिलं काम लावा

कामाची एक छोटी मजकूर-फाइल लिहायची: कोणता प्रोग्रॅम चालवायचा (व्हिडिओ लहान करायला एफएफएमपेग हा प्रोग्रॅम), कोणती फाइल सोबत पाठवायची, किती मेमरी लागेल, आणि रांगेत किती प्रती. चाळीस व्हिडिओ असतील तर चाळीस कामं. एका व्हिडिओचे आणखी तुकडे पाडायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. ते नंतर जोडताना आवाज पुढे-मागे झाला की डोकेदुखी होते, आणि यंत्रांपेक्षा व्हिडिओच जास्त असतील तर त्यातून मिळत काहीच नाही. एका वेळी पाचच फाइली पाठवल्या जातील अशी मर्यादाही घाला. सर्व्हरची डिस्क एकदम पंचवीस फाइली वाचायला बसली की धापा टाकते.

काम रांगेत ‘होल्ड’, म्हणजे अडवून ठेवलेलं, दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा मेमरी कमी मागितलेली असते किंवा फाइलचं नाव चुकलेलं असतं. कारण तिथेच लिहून येतं. फाइलच्या नावात मोकळी जागा ठेवू नका, आणि देवनागरी नावंही निदान ग्रिडपुरती टाळा. मराठीचा अभिमान आपण व्हिडिओच्या शीर्षकात दाखवू.

तयार व्हिडिओ एका ठरलेल्या फोल्डरमध्ये जमा होऊ द्या आणि तिथून मूडलच्या त्या-त्या धड्यात चढवा. पहिले काही आठवडे हे हातानंच करा. चुकीच्या वर्गात चुकीचा व्हिडिओ आपोआप जाण्यापेक्षा हात दुखलेले बरे.

लेखी रूपासाठी व्हिस्पर हे मोफत साधन मराठी ओळखतं. पण त्याची लहान मॉडेल्स मराठीत बऱ्याच चुका करतात आणि मोठ्या मॉडेलला जुन्या यंत्राची मेमरी पुरत नाही. आलेला मजकूर विषयाच्या शिक्षकानं वाचल्याशिवाय मुलांना देऊ नका.

पायरी ६ : मुलांची माहिती आणि मुलांचे प्रोग्रॅम

गुण, आधार क्रमांक, फोन नंबर ग्रिडवर पाठवायचेच नाहीत. कामाची फाइल कुठल्याही यंत्राच्या डिस्कवर उतरते आणि दुसऱ्या दिवशी तिथे कुणीही बसतं. तपासणीसाठी प्रोग्रॅम पाठवताना नावाऐवजी एक आकडा द्या. मुलांचे प्रोग्रॅम वेगळ्या, अधिकार नसलेल्या खात्यातूनच चालवा, इंटरनेट बंद करून आणि वेळेची मर्यादा घालून. कधीच न संपणारं लूप दर बॅचमध्ये एकजण तरी लिहितोच.

पायरी ७ : दुसरी लॅब जोडा

काटेकोर बोलायचं तर इथवर झालं ते ग्रिड नव्हे, क्लस्टर. मालक एक, कुलूप एक. ग्रिड म्हणायचं तर वेगवेगळ्या मालकांची यंत्रं आपापला ताबा न सोडता एकत्र काम करायला हवीत. पुण्यात एकाच संस्थेची शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि सीनिअर कॉलेज बरेचदा एकाच आवारात असतात, त्यामुळे ही पायरी फार लांब नाही. एचटीकॉन्डॉरमध्ये एका लॅबची रांग भरली की उरलेली कामं दुसऱ्या लॅबकडे वळवता येतात. या सोयीला फ्लॉकिंग म्हणतात. तांत्रिक बाजू एका दुपारची आहे, फक्त दोन्ही लॅबची यंत्रं एकमेकांना नेटवर्कवर दिसायला हवीत.

बाकीची बाजू वेळखाऊ आहे. कुणाच्या कामाला आधी मान, सत्रपरीक्षेच्या आठवड्यात कुणी कुणाची यंत्रं मागायची नाहीत, बिघडलेला माउस कुणाच्या खात्यात, हे दोन्ही विभागप्रमुखांना चहाला बसवून ठरवा आणि त्याचा कागद दोन्ही लॅबच्या दारावर लावा. तिकडच्या मामांनाही मेन स्विचचं सांगायचं राहू देऊ नका.